आभाळ सगळ्यांवर फाटते, गाडला जातो तो वाडीवस्तीवरचा माणूस!

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौकच्या दिशेने निघाले, की डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या कुशीत ही ठाकर आदिवासींची वाडी होती. वाडीला गाडीरस्ता नव्हता. त्यामुळे माती उपसायला यंत्र नेता आले नाही, पावसाने हेलिकॉप्टर उतरू दिले नाही, शेवटी कुदळ-फावडी घेऊन माणसेच डोंगर चढली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. आश्रमशाळेत राहणारी मुले वाचली. पण आईबापांना पारखी झाली.

यानंतर सरकारने विधिमंडळात सांगितले, की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. आमच्या मते या संपूर्ण दुर्घटनेतले हे सर्वात महत्त्वाचे वाक्य आहे आणि त्यावर जितकी चर्चा व्हायला हवी होती, तितकी झाली नाही. यादीत नाव नव्हते, म्हणजे धोका नव्हता काय? डोंगराला यादी ठाऊक नसते. यादी कोण करतो, कुठे बसून करतो, ज्या वाडीला रस्ताच नाही तिथपर्यंत यादी करणारा कधी चढून गेला होता काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत. रेशनच्या यादीत नाव नाही, घरकुलाच्या यादीत नाव नाही, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही, हे ऐकत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. आता धोक्याच्या यादीतही नाव नाही!

रायगड जिल्ह्याला हे नवीन नाही. २६ जुलै २००५ म्हटले, की प्रस्थापित वर्तमानपत्रांना मुंबई आठवते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला १०० मिलिमीटरही पडला नाही, हे आकडे दरवर्षी छापून येतात. पण त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून जवळपास दोनशे माणसे गेली, हे किती जणांना आठवते? त्यातले दासगाव हे नाव आंबेडकरी वाचकाने तरी विसरू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने आले, ते याच दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले. पुढे ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातले माळीण गेले. दीडशे माणसे, बहुतेक महादेव कोळी आदिवासी. २२ जुलै २०२१ ला पुन्हा महाड तालुका, तळिये गाव, ऐंशीहून अधिक बळी. आणि नंतर इर्शाळवाडी. या सगळ्या घटनांत महिना जुलैच आहे. जो अपघात कॅलेंडर पाहून येतो त्याला निसर्गाचा कोप कसे म्हणायचे?

कोप, शाप, प्राक्तन ही भाषा आपण केव्हाच टाकून दिली आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला ईश्वरी दंड आहे असे म्हटले होते. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. अस्पृश्यता पाप आहे हे आम्हाला गांधीजींकडून शिकायची गरज नव्हती. पण त्या पापाचा दंड म्हणून जी घरे कोसळली त्यात अस्पृश्यांचीही घरे होती, हा साधा प्रश्न त्या ईश्वराला कुणी विचारला नाही! तथागतांनी कार्यकारणभाव सांगितला. दरड कोसळते त्याला कारण असते. उतारावरची झाडे गेली, डोंगराचा पाया रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी खणला गेला, जांभ्याच्या किंवा मुरमाच्या थरात पाणी मुरले आणि खालच्या कातळावरून तो थर घसरला. आणि त्या उताराखाली नेमकी कोणाची वस्ती होती, यालाही कारण असते. पहिले कारण भूगर्भशास्त्रज्ञ सांगतील. दुसरे आपल्याला सांगावे लागेल, कारण ते सांगण्यात दुसऱ्या कोणाला रस नाही.

गावगाड्याने बौद्धवाडा कुठे ठेवला? गावाच्या कडेला, सखल भागात, जिथे गावचे पाणी वाहत येते. आदिवासी कुठे ढकलला? डोंगराच्या उतारावर, जिथे भातशेतीची जमीन नाही. शहरात आल्यावर तोच माणूस नाल्याच्या काठी, खाडीच्या तोंडाशी, रेल्वेच्या रुळालगत, उच्च दाबाच्या तारांखाली राहिला. मनूने घालून दिलेली जागा आणि बिल्डरने शिल्लक ठेवलेली जागा एकच निघावी, हा योगायोग नव्हे.

पनवेलचेच पाहू. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी पनवेलला वळसा घालून खाडीला मिळते. तिच्या वरच्या अंगाला देहरंगचे धरण आहे, जे उन्हाळ्यात शहराची तहान भागवायला पुरत नाही आणि पावसाळ्यात दोन दिवसांत भरून वाहते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की खाडी नदीचे पाणी घेत नाही. पाणी मागे फिरते आणि कोळीवाडा, कच्छी मोहल्ला, पटेल मोहल्ला अशा नदीकाठच्या वस्त्यांमध्ये शिरते. २६ जुलै २००५ ला पनवेलने हे पाहिले आणि त्यानंतरही अनेक पावसाळ्यांत कमी-अधिक प्रमाणात पाहिले. नावे वाचली तरी कळेल, की या ठिकाणी बुडणाऱ्यांत आमच्याबरोबर कोळी आहेत, मुसलमान आहेत. पुराच्या पाण्याने बहुजन समाजाची एकजूट केव्हाच करून ठेवली आहे. ती नेत्यांना अजून जमलेली नाही, हा भाग वेगळा!

१९७० साली सिडको आली तेव्हा खाडीकाठची जमीन भरतीच्या पातळीच्या आसपास होती. भराव घालून नोड उंच केले गेले. पावसाचे पाणी भरतीच्या वेळी धरून ठेवायचे आणि ओहोटीला सोडायचे, यासाठी धारण तलाव बांधले गेले. कल्पना चांगली होती. पण अनेक तलाव गाळाने भरले, त्यांत खारफुटी वाढली आणि गाळ काढायचा की खारफुटी राखायची या वादात वर्षे गेली. दरम्यान भोवतालचे नोड उंच झाल्यामुळे मूळ गावठाणे वाडग्याच्या तळासारखी खाली राहिली. ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले, त्यांच्याच दारात शहराचे पाणी जाऊन साचते.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी फोडण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला, खाडीलगतच्या विस्तीर्ण पट्ट्यात भराव टाकून जमीन उंच करण्यात आली आणि दहा गावे उठवण्यात आली. भराव सुरू झाल्यापासून आपल्या गावात पाणी शिरू लागले, असे डुंगीचे ग्रामस्थ वर्षानुवर्षे ओरडून सांगत होते. विमानतळाला आमचा विरोध नाही. आमच्या मुलांना तिथे नोकऱ्या मिळाव्यात आणि त्या केवळ झाडू मारण्याच्या नसाव्यात, असेच आम्ही म्हणू. परंतु एवढी जमीन उंच झाल्यावर पूर्वी तिच्यावर पसरणारे पाणी आता कुठे जाईल, याचा हिशेब नदीकाठच्या माणसाला समजेल अशा मराठीत, वॉर्डवार नकाशा लावून सांगितला गेला पाहिजे. धावपट्टी कोरडी राहील याची काळजी घेणारे तज्ज्ञ देशात आहेत. वस्ती कोरडी राहील याची काळजी घेणारा तज्ज्ञ कोणी नेमला आहे काय?

आपत्ती येऊन गेल्यानंतरही जात जात नाही. किंबहुना तेव्हाच ती उघडी पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये (आजचे धाराशिव) जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले. ज्या गावांचे स्थलांतर झाले तिथे घरांचे तीन वर्ग करण्यात आले. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४०० आणि सात हेक्टरपेक्षा जास्त जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. भूकंपाने वाडा आणि झोपडी एका रात्रीत समान केली होती. शासनाने कागदावर मोजमाप करून पुन्हा वाडा आणि झोपडी उभी केली! ज्याच्या सात पिढ्यांना जमीन धारण करू दिली नाही, त्याला जमीन नाही म्हणून छोटे घर, हा न्याय कोणत्या स्मृतीतला? २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना मदत छावण्यांतून वेगळे काढणे, पाण्याच्या टाकीला हात लावू न देणे, मदतीच्या यादीतून वगळणे अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. प्रेते उचलायला मात्र दूरदूरच्या नगरपालिकांतून सफाई कामगार बोलावले गेले. ते कोण होते हे सांगायला नको.

डिसेंबर २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्याचे कलम ६१ आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. आपत्तीग्रस्तांना मदत आणि नुकसानभरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून कोणताही भेदभाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते, की या देशात ब्रेडचा पुडा वाटतानाही जात आडवी येते. ॲट्रॉसिटी कायद्याबद्दल आपण मोर्चे काढतो आणि ते काढलेच पाहिजेत. पण कलम ६१ चे नाव घेऊन तहसीलदाराला अर्ज दिल्याचे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

खरे भांडण पंचनाम्यावर होते. पूर ओसरला की तलाठी येतो, घर कोणाच्या नावावर आहे ते विचारतो. गायरानावर, वनजमिनीवर, रेल्वेच्या किंवा सिडकोच्या जागेवर राहणाऱ्याच्या हाती कसला उतारा असणार? भाडेकरूचे भांडे वाहून गेले तरी चर्चा घरमालकाच्या भिंतीची होते. त्यात कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असल्याची अट शासनाच्या निकषांत राहिली आणि मोठ्या पुरानंतर ती वेळोवेळी शिथिल करावी लागली. पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावात पाणी भरतीला चढते आणि ओहोटीला उतरते. चार तासांत चूल, गादी, शिलाई मशीन, मुलांची पुस्तके सगळे संपते. दोन दिवस कशाला लागतात? ज्यांचा मृतदेह सापडत नाही त्यांची तर आणखी परवड. बेपत्ता माणूस मृत मानायला एरवी कायद्याने सात वर्षे लागतात. त्याआधी दाखला हवा तर सरकारने खास आदेश काढावा लागतो. तो निघेपर्यंत विधवा ही विधवाही नसते.

आणि आमच्या समाजाचे एक नुकसान असे आहे, की ते कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकातला जीर्ण उतारा हीच त्या घराची खरी इस्टेट. तो कागद पत्र्याच्या पेटीत असतो आणि पेटी जमिनीवर असते. पुरात तो एक कागद लगदा झाला, की नातवाची शिष्यवृत्ती, नातीचा मेडिकलचा प्रवेश, जात पडताळणी सगळे अडते. सवर्णाच्या घरात पाणी शिरले तर फर्निचर जाते. आमच्या घरात शिरले तर आरक्षण वाहून जाते! म्हणून आज करता येईल अशी पहिली गोष्ट म्हणजे त्या कागदाच्या सत्यप्रती काढणे, मोबाइलमध्ये फोटो घेणे, एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवणे आणि मूळ कागद प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून माळ्यावर चढवणे. खर्च शंभर रुपयांच्या आत.

पाऊस आणि दरड डोळ्यांना दिसते. ऊन मारते ते कळतही नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे भर उन्हात तासन् तास बसली होती. मंचावर छप्पर होते. समोर आकाश होते. उष्माघाताने १४ जण गेले. त्या श्रद्धाळूंना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ती कष्टकरी, गोरगरीब बहुजन समाजाचीच माणसे होती. कोकणची हवा दमट असते. अशा हवेत घाम वाळत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे पारा अडतीसवर असला तरी शरीर त्याहून अधिक सोसत असते. हे ज्यांना माहीत असायला हवे होते त्यांनी कार्यक्रमाची वेळ दुपारची ठेवली. एप्रिल महिना आपलाही आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लेकराबाळांसह आपण उन्हातून चालतो. त्या वेळी सावली, पाणी, मीठ-साखर आणि एक डॉक्टर यांची व्यवस्था डीजेच्या आधी ठरते की नंतर, हे मंडळांनी एकदा स्वतःला विचारावे.

आपल्याला जमत नाही असे मुळीच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस नेमका महापरिनिर्वाण दिनाच्या तोंडावर आला. शिवाजी पार्कात चिखल झाला, मंडप भिजले. महापालिकेच्या शाळा उघडल्या गेल्या आणि गावोगावहून आलेला भीमसागर कसलाही गोंधळ न करता तिथे गेला. २०२० च्या ६ डिसेंबरला कोरोना होता. घरूनच अभिवादन करा, असे आवाहन झाले आणि लाखो अनुयायांनी ते पाळले. ज्या समाजाला बेशिस्त म्हणून हिणवले गेले त्याने ही शिस्त दाखवली. वर्तमानपत्रांनी तिची दोन ओळींची बातमी केली.

तळोजा आणि पाताळगंगा या औद्योगिक वसाहतींबद्दल थोडे बोलले पाहिजे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये कोण मेले? कारखान्याच्या भिंतीला टेकून असलेल्या झोपडपट्ट्यांतली माणसे. त्यानंतर १९८९ आणि १९९६ साली घातक रसायनांबद्दल केंद्राने नियम केले. कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा असावा, परिसरातील लोकांना धोका काय आणि काय करायचे हे आधी सांगितलेले असावे, जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट असावेत, असे त्यात स्पष्ट आहे. तळोज्याच्या आसपासच्या किती वस्त्यांना हे कोणी येऊन सांगितले? तिथल्या मासळीच्या शीतगृहांत अमोनिया वापरतात, इतर ठिकाणी क्लोरीन असतो. क्लोरीन हवेपेक्षा जड. तो खाली बसतो, नाल्यातून आणि खोलगट भागातून पसरतो, म्हणून त्या वेळी उंचावर जायचे. वाऱ्याच्या दिशेने पळायचे नाही, त्याला आडवे जायचे. नाकातोंडावर ओले फडके धरायचे. एवढे चार शब्द भोपाळच्या त्या रात्री कोणी सांगितले असते, तर कितीतरी लोक वाचले असते. ते शब्द सांगायला बजेट लागत नाही.

जगाच्या पाठीवर सध्या महासंकटातून वाचण्याच्या तयारीचे एक वेगळेच फॅड आहे. अमेरिकेतले धनदांडगे न्यूझीलंडमध्ये जमिनी घेऊन ठेवतात, जमिनीखाली पोलादी तळघरे बांधतात, त्यात वर्षभराचे अन्न साठवतात. अणुयुद्ध होवो, महामारी येवो, समुद्र चढो, आपण दार लावून आत बसू, हा त्यांचा हिशेब. आम्हाला यात जुनीच गोष्ट दिसते. दार लावून घेणे म्हणजे सोवळे. बाहेरचा मेला तरी चालेल, आपल्याला विटाळ होऊ नये! कोरोनाने हा हिशेब खोटा ठरवला. टाळेबंदीत जे घरात सुरक्षित बसले त्यांचा कचरा कोणीतरी उचलत होते, औषध कोणीतरी पोहोचवत होते, स्मशानात कोणीतरी उभे होते. आणि ज्यांना घरच नव्हते ते महामार्गांवरून चालत गावाकडे निघाले होते. ८ मे २०२० ला औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. विषाणूने नव्हे, चालून चालून आलेल्या झोपेने त्यांचा जीव घेतला.

ज्याचे पोट रोजंदारीवर आहे तो वर्षाचे अन्न काय साठवणार? त्याची ताकद साठ्यात नाही, संघटनेत आहे. आणि ही परंपरा आपल्याकडे आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी सत्यशोधकांना घेऊन अन्नछत्रे चालवली. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई रोगी उचलून मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेत सवर्ण पाणी देणार नाहीत हे ओळखून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेण्यात आले होते. डिसेंबरच्या सत्याग्रहाला तर व्यापाऱ्यांनी माल देण्यास नकार दिला. मंडपाला जागा एका मुसलमान गृहस्थाने दिली आणि धान्य बाहेरून आणून साठवावे लागले. बहिष्कार हीही आपत्तीच होती. बाबासाहेबांच्या माणसांनी ती येणार हे आधी ओळखले आणि तिची तयारी केली. पुढे १९४३ ला दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार केला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी केवळ बांध घालण्याची जुनी पद्धत नाकारून संपूर्ण खोऱ्याचा विचार मांडला. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात आणि ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकमध्ये त्यांनी घेतलेल्या परिषदा हा पूरनियोजनाचा पाया होता. (या धरणांनी पुढे लाखो आदिवासींना विस्थापित केले, हेही खरे; त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.) जयंतीच्या भाषणांत घटना येते, चवदार तळे येते, दामोदर खोरे क्वचितच येते.

पनवेल तालुक्यातील गावोगावच्या बौद्धवाड्यांत आज विहार आहेत. वर्गणी काढून, लेकी-सुनांनी विटा वाहून बांधलेले. पुष्कळ ठिकाणी ती वस्तीतली एकमेव पक्की, स्लॅबची इमारत आहे. तिथे रविवारी वंदना होते आणि बाकी आठवडा कुलूप असते. त्या विहारात दोनशे लिटर पिण्याच्या पाण्याची सोय, दोर, विजेऱ्या, शिट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी आणि भिंतीवर १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक असायला काय हरकत आहे? किल्ली एकाकडे नको, तिघांकडे हवी. त्यात एक बाई हवी, कारण दुपारी पुरुष कामावर असतात. वस्तीत अंथरुणाला खिळलेले कोण, बाळंतीण कोण, डायलिसिसवर कोण, रात्रपाळीला जाणाऱ्यांची मुले कोणाकडे असतात, हे एका वहीत लिहिलेले हवे. भरतीच्या वेळा आधी छापून येतात. ज्या दिवशी साडेचार मीटरहून मोठी भरती आहे आणि हवामान खात्याने लाल इशारा दिला आहे, त्या दिवशी नदीकाठच्यांनी पाणी उंबऱ्याला लागण्याची वाट पाहू नये. डोंगराखालच्या वाड्यांत जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे-खांब कलणे, दारे अचानक घट्ट बसणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, यातले काहीही दिसले तर रात्र तिथे काढायची नाही, मग यादीत नाव असो वा नसो. पूर ओसरल्यावर चिखल काढणाऱ्या सफाई कामगाराला बूट, हातमोजे आणि लेप्टोवरची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळाली का, हे पाहणे वस्तीचेच काम आहे. २००५ च्या पुरानंतर लेप्टोने मुंबईत किती घेतले ते सर्वांनी पाहिले आहे.

काही जण म्हणतील, हे सरकारचे काम आहे, आपण कशाला करायचे? सरकारचे आहेच, आणि ते सरकारला करायला लावायचे आहे. पण हातात वही असलेला माणूस आणि हातात नुसता निषेधाचा फलक असलेला माणूस, यात तहसीलदार कोणाला टाळू शकत नाही, हे अनुभवी कार्यकर्त्यांना माहीत आहे. समता सैनिक दल, बौद्धजन पंचायतीच्या शाखा, विद्यार्थी संघटना, महिला मंडळे यांच्यात कितीही गट-तट असोत, पाणी गट विचारून घरात शिरत नाही.

तहसील आणि महापालिका कार्यालयांत मान्सूनपूर्व आढाव्याच्या बैठका साधारणपणे मे महिन्यात होतात. वैशाख पौर्णिमा त्याच सुमारास येते. त्या दिवशी खीरदान झाल्यावर प्रत्येक शाखेने दोन तास काढावेत, घरोघर जाऊन वही भरावी, आपल्या वस्तीचे नाव दरडप्रवण किंवा पूरप्रवण यादीत आहे की नाही ते तलाठ्याकडून लेखी मागावे, आणि नसेल तर कलम ६१ चा उल्लेख करून पनवेलच्या तहसीलदारांना व अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांना, जे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, अर्ज द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.